बक्कल वीज ओढत नाही: पालकांच्या गटांत फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

शाळा उघडायच्या तोंडावर ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश जोरात फिरतो आहे. मला तो आधी घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतून आला, मग कळव्याच्या मावशीने पाठवला, मग ऐरोलीच्या एका पालकगटातून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: धातूचं बक्कल असलेले बूट आणि सँडल मुलांना घालू नका. पावसात ते बक्कल वीज ओढून घेतं. गंजलं की त्याच्या ओरखड्याने धनुर्वात होतो. वेल्क्रो त्याहून घट्ट बसतो. बक्कल तुटलं की दुरुस्त होत नाही, बूट फेकावाच लागतो. आणि आता जगात मोठी माणसं बक्कल वापरतच नाहीत. म्हणून आजच वेल्क्रोचे, रबरी तळाचे बूट घ्या.

हा संदेश वाचून मला राग आला, हे सरळच सांगते. जूनमध्ये घरोघरी वह्या, दप्तर, गणवेश, रेनकोट, रिक्षाचे पैसे यांचा मेळ घालता घालता नाकी नऊ येतात. अशा वेळी गेल्या वर्षीचे धडधाकट बूट केवळ भीतीपोटी बाजूला टाकायला लावणं हे वाईट आहे. पण पैसे हा त्यातला छोटा भाग. खरी काळजी विजेच्या मुद्द्याची आहे. तो नुसता चुकीचा नाही, त्यावर विश्वास ठेवून एखादं मूल मैदानात थांबलं तर जिवावर बेतेल.

म्हणून आधी विजेचंच बोलू. ढगातून खाली येणारी वीज सलग येत नाही. ती साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी हवेतून वाट काढत उतरते. जमीन जवळ आली की खालच्या उंच वस्तूंमधून, म्हणजे झाडाचा शेंडा, टॉवर, गच्चीवरची टाकी, मोकळ्या मैदानात उभा माणूस यांच्यातून, वरच्या दिशेने विद्युतभाराचे धागे उठतात. त्यातला जो वरून येणाऱ्या विजेला आधी भेटतो तिथे ती पडते. वस्तू किती उंच आहे, तिचा आकार कसा आहे आणि आसपास दुसरं उंच काही आहे का, यावर सगळं ठरतं. आता बुटाचं बक्कल पाहा. ते जेमतेम दोन सेंटीमीटरचं, आणि असतं कुठे, तर घोट्याखाली. त्याच्यावर चार फुटांचं अख्खं मूल उभं असतं. ढगाच्या बाजूने पाहिलं तर त्या मुलाच्या पायात काय आहे याने कणभरही फरक पडत नाही.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं, याला एक खरं निमित्त आहे. वीज अंगावरून गेलेल्या माणसाच्या गळ्यातली साखळी, मनगटावरचं घड्याळ, कपड्यांची चेन (झिप) अशा धातूच्या वस्तू तापतात आणि त्यांच्याखालची कातडी भाजते. तो डाग पाहिलेल्या माणसाला वाटणारच की धातूनेच वीज बोलावली. पण धातू तापला तो वीज आल्यानंतर. आली ती त्याच्यामुळे नव्हे.

संदेशातला रबरी तळाचा सल्ला तर याहून घातक आहे. हवासुद्धा विजेची दुर्वाहकच आहे. कोरड्या हवेतून ठिणगी पाडायची तर दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. अशा हवेतून जी काही किलोमीटर वाट काढत आली, ती सेंटीमीटरभर रबरापाशी थांबेल ही आशा फोल आहे. शिवाय विजेचे बरेचसे बळी थेट अंगावर वीज पडून जात नाहीत. वीज जवळच्या झाडावर किंवा जमिनीवर पडते आणि तिचा प्रवाह जमिनीतून चौफेर पसरतो. दोन पाय एकमेकांपासून लांब असले तर एका पायापाशी विद्युतदाब जास्त आणि दुसऱ्यापाशी कमी असतो, आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. झाडाखाली उभी असलेली गुरं एकदम दगावतात ती याचमुळे, त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं. यातही बूट बक्कलचा की वेल्क्रोचा, याचा काही संबंध येत नाही.

देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने मरतात. मुलांना सांगायचं ते हे: गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. तेव्हा खेळ थांबवायचा आणि पक्क्या इमारतीत जायचं, नाहीतर छत आणि खिडक्या बंद असलेल्या बसमध्ये किंवा गाडीत. उघड्या शेडखाली नाही, झाडाखाली तर अजिबात नाही, आणि तलावपाळी, उपवन किंवा वाशीच्या सागर विहारचा मोकळा काठ असेल तर तिथून आधी निघायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायला शिकवा, दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आपल्याकडे विजांचा जोर ऐन जुलैपेक्षा मे-जूनच्या वळिवात आणि परतीच्या पावसात जास्त असतो, म्हणजे नेमका शाळा उघडताना आणि सहामाहीच्या आसपास. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी हे अॅप आपल्या परिसरातल्या विजेची सूचना देतं. तो संदेश दहा जणांना पाठवण्यापेक्षा हे अॅप दहा जणांच्या फोनवर घालून द्या.

आता धनुर्वात. हा रोग गंजाने होत नाही. तो क्लॉस्ट्रिडियम टेटनी नावाच्या जिवाणूमुळे होतो. त्याचे बीजाणू मातीत, शेणात, धुळीत असतात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही, तिथे ते वाढतात आणि विष तयार करतात. गंजका खिळा बदनाम झाला कारण तो मातीत पडलेला असतो आणि खोल घुसतो. स्वच्छ, चकचकीत खिळा त्याच मातीतून उचलून पायात गेला तर धोका तितकाच. बक्कलच्या काट्याने वरवर ओरखडा उठला तर साबण-पाण्याने धुवा, आणि जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल तर डॉक्टरांना दाखवा. मूळ संरक्षण लसीचं आहे. सरकारी वेळापत्रकात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना डोस, मग दीड-दोन वर्षांच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांना बूस्टर, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचा डोस असतो. दहाव्या वर्षाचा डोस बऱ्याच घरांत राहून जातो, कारण तोवर लसीकरणाचं कार्ड कुठल्या फाईलीत आहे हेच आठवत नाही. बुटांऐवजी ते कार्ड शोधा.

वेल्क्रो जास्त घट्ट बसतो, हा दावा अर्धवट खरा असल्यामुळे लोकांना पटतो. वेल्क्रोच्या एका पट्टीवर बारीक आकडे असतात, दुसरीवर मऊ फासे. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आडव्या खेचल्या तर शेकडो आकडे एकाच वेळी ताण घेतात आणि पकड खरंच जबरदस्त असते. पण एक टोक धरून उचललं की एका वेळी आकड्यांची एकच ओळ ताणाखाली येते आणि पट्टी सहज सुटते. तसं सुटावं म्हणूनच ते बनवलेलं आहे. पळताना, उड्या मारताना पट्ट्याच्या टोकाला असे छोटे उचके सतत बसतात. त्यात आकड्यांमध्ये मोज्याचे धागे, केस, चिखल अडकत जातात, फासे विस्कटतात, आणि पट्टी दिसायला बंद पण प्रत्यक्षात सैल राहते. ठाण्याच्या पावसात, जिथे वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, हे एका मोसमातही होऊ शकतं.

बक्कलचं काम साधं आहे. चौकट, मधली दांडी, दांडीवर फिरणारा काटा, आणि पट्ट्याला भोकं. पट्टा ओढला गेला की काटा चौकटीच्या कडेवर दाबला जातो, म्हणजे ताण जितका वाढतो तितका काटा जागेवर पक्का बसतो. चिखलाने त्यात काही बिघडत नाही. सोडायचं तर पट्टा आधी आणखी थोडा ओढावा लागतो, आणि पळताना तसं आपोआप होत नाही. याला मर्यादाही आहे: दोन भोकांच्या मधलं माप मिळत नाही. सुजणाऱ्या पावलांना वेल्क्रो यासाठी बरा. बोटांत संधिवात असलेल्यांना, अगदी लहान मुलांनाही तोच सोयीचा. माझ्या सासूबाई वेल्क्रोच्याच सँडल घालतात आणि त्यांना तेच योग्य आहे. माझं भांडण वेल्क्रोशी नाही, भीती घालून तो गळ्यात मारण्याशी आहे.

दुरुस्त होत नाही, हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कधी गटई कामगाराच्या पेटीसमोर उभं राहून काम पाहिलेलं नसावं. पट्टा दांडीभोवती दुमडून शिवलेला असतो. रापीने ती शिवण उसवायची, जुनं बक्कल काढायचं, त्याच रुंदीचं नवं घालायचं आणि आरीने मेणाच्या दोऱ्याचे चार टाके मारायचे. ठाणे स्टेशनच्या परिसरात हे काम उभ्या उभ्या होतं. भोक फाटलं असेल तर खालून चामड्याचा तुकडा लावून नवं भोक पाडतात. बक्कल हा बुटाचा असा भाग आहे की तो खराब होतोय हे दिसतं, आणि एकटा बदलता येतो. राज्य सरकार या कारागिरांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना चालवतं ती त्यांचं काम टिकावं म्हणूनच. फेकून नवं घ्या असा प्रत्येक संदेश त्या कामावर घाला घालतो, आणि मला ते लागतं.

गंजाबद्दल मात्र तक्रार रास्त आहे. शाळेच्या बुटांवरची स्वस्त बक्कलं लोखंडाची असतात आणि वर निकेलचा पातळ मुलामा असतो. काटा जिथे चौकटीवर घासतो तिथे मुलामा आधी जातो, आणि एकदा तो तिथे तुटला की उघडं पडलेलं लोखंड उलट वेगाने गंजतं, कारण निकेल आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की झिजतं ते लोखंड. खाडीच्या खारट हवेत हे अधिकच. उपाय फार मोठा नाही. घरी आल्यावर बक्कल कोरड्या फडक्याने पुसायचं, बुटात वर्तमानपत्राचा बोळा घालायचा, आठवड्याला काट्याच्या मुळाशी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा. पितळेचं बक्कल हिरवट पडेल पण लोखंडासारखं गंजून खपल्या सुटणार नाही.

ज्या धोक्याबद्दल बोलायला हवं होतं तो संदेशात नाहीच. काही जणांना निकेलची अॅलर्जी असते. उघड्या पायावर सँडलचं बक्कल टेकलं आणि घाम आला की निकेल थोडं विरघळतं, आणि बरोबर बक्कलच्या आकाराचा लाल, खाजरा चट्टा उठतो. युरोपीय संघाने १९९४ मध्येच, कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम केला. मुलाच्या पायावर असा चट्टा दिसला तर बक्कलखाली चामड्याची किंवा कापडाची पट्टी शिवून घ्या, किंवा मोजे घाला, आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेहामुळे पावलांची संवेदना गेलेल्या माणसांनीही कडक कडा कातडीला टेकू देऊ नयेत. त्यांना टोचलेलं कळतच नाही.

मोठी माणसं बक्कल वापरत नाहीत, यावर फार शब्द खर्चायला नकोत. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने जानेवारी १६६० मध्ये आपल्या रोजनिशीत बुटांना बक्कल लावायला सुरुवात केल्याची नोंद केली आहे, आणि पुढचं शतकभर युरोपातले पुरुष ती मिरवत होते. १९४३ साली अमेरिकेच्या सैन्याने बुटाच्या वरच्या भागाला दोन बक्कलं लावली. बर्फावर घसरण्याच्या खेळाचे ताठ बूट आजही बहुतेक करून बक्कलांनीच आवळतात. जिथे पाय निसटून चालणार नाही तिथे ते टिकून आहे.

तरीही नवे बूट घ्यायचेच असतील, जांभळी नाक्याला असो वा वाशीच्या दुकानात, तर खिशात फ्रिजवरचा एक छोटा लोहचुंबक ठेवा. बक्कलला तो जोरात चिकटला तर आत लोखंड आहे. अगदी हलका ओढला गेला तर तो नुसता निकेलचा मुलामा असू शकतो. मग काटा पाहा. तो चौकटीच्या कडेपर्यंत नीट पोचला पाहिजे आणि थोडा वाकलेला असावा. आखूड काटा आतल्या बाजूला निसटतो. भोकांच्या कडा बोटाने ताणून बघा, रेक्झीनचा पट्टा तिथूनच फाटतो. मुलाला बूट घालून मधल्या भोकात काटा बसतो का पाहा, म्हणजे पाऊल वाढलं तरी पुढची भोकं शिल्लक राहतील. आणि पैसे देण्याआधी मुलाला स्वतःच्या हाताने बक्कल लावून, काढून दाखवायला सांगा.