आधी पगाराच्या स्लिपवरचे पीएफचे 1,800 रुपये बघा

नमस्कार,

पीएफच्या वरच्या बचतीबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. व्हीपीएफ, म्हणजे पीएफमध्ये स्वतःहून जास्तीचे पैसे कापून घेणं, हे पैसा आणखी अडकवणं. वर्षाला अडीच लाखांच्या पुढे भरलेल्या रकमेच्या व्याजावर कर लागतोच, मग सरळ इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) का नको? आणि मुलांच्या फिया भरून पगारदाराच्या हातात काही उरतं का?

तिसऱ्या आक्षेपाने मला माझी चूक दिसली. सगळ्यांचा पीएफ बेसिकच्या (मूळ पगाराच्या) पूर्ण 12 टक्क्यांनी कापला जातो, असं धरून मी लिहून गेले. तसं नसतं, हे मला तरी कळायला हवं होतं, कारण आमच्याच घरात ते घडलंय. ह्यांनी 2009 पासून सगळी वर्षं एकाच कंपनीत काढली. बेसिक 40,000 वर गेलं तरी पीएफ 1,800 च. ज्या पगारापर्यंत पीएफ कापावाच लागतो, ती कायदेशीर मर्यादा सप्टेंबर 2014 मध्ये 6,500 वरून 15,000 झाली; तिचे 12 टक्के म्हणजे हे 1,800. त्या मर्यादेच्या वरच्या पगारावर कापायचं की नाही हे कंपनीच्या हातात असतं, आणि ह्यांच्या कंपनीने कापलं नाही. एका रविवारी पीएफचं पासबुक उघडून बसलो. दर महिन्याला कर्मचाऱ्याचे 1,800, कंपनीचे 550, पेन्शनचे 1,250. ते 550 बघून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. कंपनीही 1,800 भरते ते खरं, पण त्यातले 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि त्यावर पीएफचं व्याज मिळत नाही.

म्हणून अडीच लाखांची काळजी करण्याआधी तुमची स्लिप काढून बघा. वर्षाला अडीच लाख म्हणजे महिन्याला 20,833 रुपये. तुम्ही 1,800 वर असाल, तर ती रेषा फार लांब आहे. ह्यांनी 3,000 चा व्हीपीएफ लावला, तरी आधीचे 1,800 धरून वर्षाचे 57,600 च होतात, म्हणजे सगळं व्याज करमुक्त. 2024-25 चा 8.25 टक्के दर टिकला असं धरलं, तर ते 3,000 पंचवीस वर्षांत 28 लाखांच्या आसपास जातात. दर टिकेलच असं मी म्हणत नाही, तो दरवर्षी ठरतो.

तुमचा कराचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य, पण तो रेषेच्या पलीकडे. 30 टक्के कराच्या गटातल्या माणसाच्या हातात, उपकर धरून, त्या जादा रकमेवर साधारण 5.7 टक्केच पडतात. त्यापेक्षा पीपीएफचे (कुणालाही उघडता येणाऱ्या सरकारी भविष्य निर्वाह खात्याचे) करमुक्त 7.1 टक्के बरे, वर्षाला दीड लाखापर्यंत. (तिथे पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज हुकतं.) जुन्या करप्रणालीत असाल तर एनपीएस या राष्ट्रीय पेन्शन योजनेत 50,000 ची वेगळी वजावट आहे. पण निवृत्तीच्या वेळी त्यातला काही हिस्सा पेन्शनमध्ये गुंतवावाच लागतो, त्यामुळे मी तिला तिसऱ्या जागी ठेवते.

इंडेक्स फंडाला माझा विरोध नाही, आमचीही एसआयपी (फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरणं) आहे. पण आमच्याच घरात एसआयपी दोनदा थांबली, एकदा लग्नकार्यात आणि एकदा बाजार पडल्यावर घाबरून. व्हीपीएफ पगार हातात येण्याआधीच कापला जातो, म्हणून तो टिकला. तुम्ही त्याला अडकणं म्हणता. मला तेच हवं आहे. आजारपण, घर, मुलांचं शिक्षण यांसाठी नियमाने अंशतः काढताही येतात, म्हणजे दार अगदीच बंद नाही.

आणि फियांचं म्हणाल, तर 3,000 चा आकडा विसरा. बऱ्याच कंपन्यांत व्हीपीएफ एप्रिलमध्येच लावता किंवा बदलता येतो. तेव्हा मार्चमध्येच एचआरला लेखी अर्ज द्या, 500 चा का असेना. ह्यांनीही पहिल्या वर्षी 500 च लिहिले होते.