'आमिष' या शब्दाबद्दल थोडं

'जुना नागपूरकर' यांस,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. त्याच वेळी उत्तर लिहायला बसले असते तर ते इथे ठेवण्यासारखं राहिलं नसतं, म्हणून तीन दिवस थांबले. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. शाळेत रोल-प्लेइंग क्लब आहे, म्हणजे मुलं एकेक पात्र होऊन, फासे टाकत, मिळून एक गोष्ट खेळतात. त्या मुलांसाठी मी महिन्यातून दोन शनिवारी वेगवेगळ्या गावच्या पद्धतीचा पिझ्झा करून नेते, त्यावर मागचा लेख होता. त्याखाली यांनी लिहिलं: 'ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण पोट्टे तुमच्या पिझ्झ्याच्या आमिषानं येतात, खेळासाठी नाही. पिझ्झा बंद करून पाहा, टेबल रिकामं दिसेल.' पुढे आणखी चार गोष्टी आहेत. शिकागोचं साल चुकलं, घरच्या ओव्हनमधल्याला डेट्रॉइट पद्धतीचा पिझ्झा म्हणू नये, फासे म्हणजे जुगाराची सवय, आणि तर्री पोह्यांच्या गावात हे चोचले कशाला.

आधी साल. तिथे तुमचं बरोबर आहे. शिकागोचा डीप डिश, म्हणजे खोल भांड्यातला जाड पिझ्झा, 1943 चा, पिझेरिया उनो या हॉटेलातला. मी 1946 लिहिलं होतं, ते डेट्रॉइटचं साल. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता 'वाईट वाटून घेऊ नका, पण'. दादा, हे वाक्य लिहिताना पुढचं वाचून समोरच्याला वाईट वाटणार आहे हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मग सरळ लिहायचं होतं, मला चाललं असतं. आणि आमिष हा शब्द? आमिष माशाला दाखवतात, गळाला लावून. मी बारा मुलांना गळाला लावलं, असं तुम्ही चारचौघांत लिहिलं. त्यातल्या निम्म्या मुलांचे आईबाप हा ब्लॉग वाचतात. 'खाऊच्या ओढीनं येतात' असं लिहिलं असतं तर मी वाद घातला असता आणि विसरले असते. आमिष म्हटल्यावर मुलं लोचट ठरतात आणि मी लबाड. हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मानायची माझी तयारी आहे, पण फारशी नाही.

मी हे का मनाला लावून घेतलं तेही सांगते. मी नववीत असताना आमच्या शाळेत नाटकाच्या तालमी शाळा सुटल्यावर व्हायच्या. मी कामठीहून यायची. सकाळी साडेनऊला जेवून घर सोडलेलं, दीडच्या सुट्टीत डबा संपलेला, आणि तालीम साडेसहापर्यंत. पाच वाजल्यापासून पोटात कावळे ओरडायचे. जोगव्याचा प्रसंग होता, त्यात माझ्या हातात परडी असायची, खोट्या जोंधळ्यांची. मी त्यातले मणी बोटांनी चाळत बसायची आणि माझं वाक्य यायचं तेव्हा लक्षच नसायचं. आम्ही चौदा जणी होतो. दिवाळीपर्यंत पाच उरलो. बाईंनी वहीत गळालेल्या नावांपुढे 'रस नाही' असं लिहिलं होतं, ती वही मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी डिसेंबरात सोडलं, माझ्यापुढेही तेच लिहिलं गेलं असणार. मला रस होता हो. मला ते नाटक अजून तोंडपाठ आहे. त्या चौदा जणींना कोणी मूठभर फुटाणे दिले असते तर ते आमिष झालं असतं का?

आमचा क्लब शनिवारी असतो. शनिवारी शाळा सकाळची, साडेअकराला सुटते. खेळ बारा ते तीन. ही मुलं सकाळी सहाला उठलेली असतात. पहिले तीन शनिवार मी नुसती बसून पाहत होते, कारण त्या खोलीत कोणी मोठं माणूस हजर असावं अशी शाळेची अट होती. पिझ्झा सुरू झाला चौथ्या सत्रापासून. हे लेखात स्पष्ट लिहिलेलं आहे, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

आणि पहिल्याच शनिवारचं सांगते. आठवीतला एक मुलगा, ज्याचा आवाज वर्गशिक्षकांनीही फारसा ऐकलेला नाही, तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर. खेळात पुढे दगडी दार. बाकीचे 'तोडू, तोडू' करून राहिले होते. हा हळूच म्हणाला, 'तोडू नका. मी दाराला कान लावतो.' सूत्रधार मुलीनं, म्हणजे गोष्ट सांगत पुढे नेणारीनं, वीस बाजूंचा फासा त्याच्या हातात दिला. तो त्यानं टाकला तर बेंचखाली गेला, आणि सहा जण गुडघ्यावर, डोकी खाली घालून, अठरा पडले का तेरा ते बघायला. अठरा होते, म्हणजे जमलं. तेव्हा पिझ्झ्याचा पत्ताही नव्हता. दारापलीकडे कोणी तरी रडत असल्याचं त्याला ऐकू आलं, आणि पुढचे चार आठवडे आख्खी गोष्ट त्या रडण्यामागे गेली.

पिझ्झा म्हणजे सोबतीला काहीतरी खायला, एवढंच असतं तर मी समोसे नेले असते. डेट्रॉइटची गोष्ट मी त्यांना ट्रे कापता कापता सांगितली. तिथे मोटारींचे कारखाने. कारखान्यात सुटे भाग ठेवायला निळसर पोलादाचे चौकोनी, खोल ट्रे असत. 1946 मध्ये बडीज नावाच्या ठिकाणी त्याच ट्रेमध्ये पिझ्झा भाजायला सुरुवात झाली. चीज पार कडेपर्यंत पसरायचं, म्हणजे ते ट्रेच्या भिंतीला लागून करपतं आणि काठाला काळपट, कुरकुरीत झालर येते. सॉस सगळ्यात वर. दोन आठवड्यांनी सूत्रधार मुलीच्या नकाशावर एक नवं शहर आलं. तिथले लोहार दिवसा ज्या साच्यात चिलखतं ठोकतात, रात्री त्याच साच्यात भाकरी भाजतात, आणि साचा चोरणाऱ्याला शहराबाहेर काढतात. रोमचा पिझ्झा कात्रीनं कापून वजनावर विकतात हे ऐकल्यावर नववीतल्या एकानं बाजारातला एक व्यापारी उभा केला, तो सगळंच तोलून घेतो, बातमीसुद्धा. हे मी शिकवलं नाही. मी फक्त खायला दिलं आणि ते कुठून आलं ते सांगितलं.

घरच्या ओव्हनबद्दल: माझा ओव्हन 250 अंशांवर थांबतो. नेपल्सच्या पिझ्झ्याला 430 ते 480 लागतात, तिथे तो 60 ते 90 सेकंदांत होतो. म्हणूनच मी नेपल्सच्या वाटेला गेलेच नाही, ट्रेमधले प्रकार निवडले. विस्कॉन्सिनचं ब्रिक चीज इथे मिळत नाही, तर मोझरेला आणि थोडं प्रोसेस्ड चीज. ट्रे इतवारीतून घेतलेला, लोखंडी. ऑक्टोबरच्या उन्हात पीठ दोन तासांत फसफसतं म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. पद्धत डेट्रॉइटची आहे, मी तिला डेट्रॉइटच म्हणणार.

राहिलं तुमचं आव्हान, पिझ्झा बंद करून पाहा. पाहिलंय. सप्टेंबरात एका शुक्रवारी रात्री आमच्या गल्लीतली डीपी उडाली, वीज आली शनिवारी संध्याकाळी. फ्रिजमधलं पीठ गेलं, ओव्हन बंद. मी मुरमुरे, शेंगदाणे, कांदा आणि हिरव्या मिरच्या पिशवीत घालून गेले. बारापैकी अकरा आले होते, बाराव्याला ताप होता. एकानं पिशवीत डोकावून 'काकू, आज बस एवढंच?' विचारलं, तोंड पाडलं, आणि मूठभर घेऊन बसला. त्या दिवशी लोहारांच्या शहराला वेढा पडला होता. तीनला थांबायचं ते शिपाईकाका कुलूप घेऊन दारात उभे राहीपर्यंत, तीन वीसपर्यंत, कोणी उठलं नाही.

जुगाराचं म्हणाल तर या खेळात पैसा नसतो, जिंकणं-हरणंही तसं नसतं. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा याच जातीचा खेळ काढला, 1980 च्या दशकात अमेरिकेतही पालकांनी त्याचा धसका घेतला होता. आपल्या आज्या सारीपाट खेळल्या. तर्री पोह्यांना मी कधी नाही म्हटलं नाही, आणि त्यांचा या वादाशी संबंध नाही.

येत्या शनिवारी सिसिलीचा स्फिंचोने आहे, कांदा आणि वर ब्रेडचा भुगा, आपल्या मुलांसाठी मासळी वगळून. तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती तशीच राहील. मला काय म्हणायचं ते म्हणा. पण त्या मुलांसाठी पुन्हा असा शब्द वापरलात, तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही, आणि मी त्याचं कारणही देणार नाही.