सातविणीच्या सालीत क्विनाईन नसतं

पाऊस लागला की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदा तोच नेरूळच्या नातेवाइकांकडूनही आला, म्हणजे खाडी ओलांडून गेलाय. मजकूर थोडक्यात असा: मलेरियावरचं क्विनाईन झाडाच्या सालीतून मिळतं, ते झाड म्हणजे आपल्या रस्त्याकडेची सातवीण, तिची साल उकळून सकाळ-संध्याकाळ अर्धा पेला घ्या, तीन दिवसांत ताप पळतो, नैसर्गिक आहे, अपाय काही नाही, साल मिळाली नाही तर टॉनिक वॉटर चालेल, आणि हे सगळं औषध कंपन्यांनी दडपून ठेवलंय. शेवटी जोडलेले हात.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. त्याच्याच जिवावर पुढची सगळी खपतात.

क्विनाईन सालीतूनच मिळतं, आजही. 1944 मध्ये वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी ते प्रयोगशाळेत बनवण्याची वाट दाखवली म्हणून त्यांचं नाव झालं, पण बाजारातलं क्विनाईन अजून सालीतून काढणंच परवडतं. ती साल सिंकोनाची. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उतारांवरचं हे झाड. सतराव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंमार्फत त्याची साल युरोपात पोहोचली. मलेरियाचा परजीवी लाव्हेराननं पाहिला 1880 मध्ये, आणि डासाच्या पोटात रॉसला तो सिकंदराबादला दिसला 1897 मध्ये. म्हणजे रोगाचं कारण कळायच्या दोनशे वर्षं आधीपासून औषध वापरात होतं. सालीबद्दल आदर वाटावा असाच हा इतिहास आहे, मला तो आहेही.

पण सिंकोना म्हणजे सातवीण नव्हे. सिंकोना कॉफीच्या आणि कदंबाच्या कुळातला. सातवीण कण्हेर, चाफा, सदाफुलीच्या कुळातली. तिच्या सालीत एकिटामिनसारखी अल्कलॉइडं आहेत, चवीला ती कडूजहर आहेत, पण त्यांत क्विनाईन नाही. गोंधळ कुठून आला ते कळतं. सातविणीची साल तापावर देण्याची जुनी रीत आहे. मंगळूरकडच्या तुळुनाडूत आषाढ अमावास्येला तिचा काढा वर्षातून एकदा पितात. इंग्रजी अमदानीत महागड्या क्विनाईनला पर्याय शोधताना हिच्याकडेही आशेनं पाहिलं गेलं होतं. आशा फळली असती तर ब्रिटिशांनी सिंकोनाची रोपं अर्ध्या जगाला वळसा घालून 1860 च्या सुमारास निलगिरीत आणली नसती. सातवीण तर त्यांच्या बंगल्यांच्या आवारातच उभी होती.

'कडू असतं म्हणून तापावर चालतं' हे फॉरवर्डमध्ये लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात असतंच. काडेचिराईत, कडुनिंब, गुळवेल, सातवीण, सगळं एकाच रांगेत. क्विनाईनचं काम त्याच्या कडूपणाशी जोडलेलं नाही. परजीवी आपल्या लाल पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातून उरणारा हीम त्याला स्वतःलाच विषारी असतो, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून ठेवतो. हे स्फटिक होणं क्विनाईन अडवतं आणि परजीवी स्वतःच्या उष्ट्यानं मरतो. त्यासाठी रेणूची ठरावीक घडण लागते. जिभेला काय लागतं याच्याशी परजीवीला देणंघेणं नाही.

आता अर्ध्या पेल्याचं बघू. फार्मसी कॉलेजात मी साली ओळखायचं प्रात्यक्षिक घ्यायचो. सिंकोनाचा अर्क सौम्य गंधकाम्लात घेऊन अतिनील दिव्याखाली धरला की निळा चमकतो; मुलं खूश व्हायची. चमकतो म्हणजे क्विनाईन आहे एवढं कळतं, किती आहे ते मोजावं लागतं. आणि खऱ्या सिंकोनाच्या सालीतही ते प्रमाण सारखं नसतं. काही जातींत जेमतेम एक-दोन टक्के, तर चार्ल्स लेजरनं मिळवलेलं जे बियाणं डचांनी 1865 मध्ये विकत घेऊन जावात लावलं, त्या झाडांत दहा टक्क्यांच्याही वर. त्या एका पुडीवर जावानं पुढे जगाचा क्विनाईनचा बाजार ताब्यात घेतला. सालीची भुकटी देणारे वैद्य दोन शतकं याच अडचणीत होते: एक रोगी बरा होई, दुसऱ्याला तेवढ्याच भुकटीनं काही होत नसे, तिसऱ्याचे कान वाजायला लागत. 1820 मध्ये पॅरिसला पेलेतिए आणि कावेंतू यांनी सालीतून शुद्ध क्विनाईन वेगळं केलं आणि तेव्हापासून मात्रा मोजून देता येऊ लागली. फॉरवर्ड आपल्याला 1820 च्या मागे न्यायला निघालाय, तेही चुकीचं झाड घेऊन.

'तीन दिवसांत ताप पळतो' हा यातला सगळ्यात धोक्याचा भाग. मलेरियाच्या व्हायवॅक्स या प्रकाराचा ताप बहुधा एक दिवस आड येतो: थंडी, हुडहुडी, ताप, घाम, आणि दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत वाटतो. त्या दिवशी जे पोटात गेलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो काढा असो नाहीतर वरणभात. फाल्सिपॅरम हा घातक प्रकार असेल तर हेच दोन-तीन दिवस मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत जायला पुरतात. शिवाय आपल्याकडे त्याच मोसमात डेंग्यू असतो, आणि डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं. धोक्याचा टप्पा तिथून सुरू होतो. काढ्यानं ताप गेला म्हणून घरी सगळे निर्धास्त झालेले असतात, नेमके तेव्हाच.

नैसर्गिक म्हणून अपाय नाही? क्विनाईन स्वतः पूर्ण नैसर्गिक आहे. त्यानं कान वाजतात, चक्कर येते, मळमळतं, दिसायला धूसर होतं. रक्तातली साखर घसरते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, क्वचित प्लेटलेट्सही कोसळतात. रुग्णालयात ते देताना साखर तपासत राहतात ती उगाच नाही.

टॉनिक वॉटरचा हिशेब कागदावर मांडा. साठ किलोच्या माणसाला क्विनाईनची उपचाराची मात्रा दर आठ तासांनी सुमारे 600 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 1800, असे सात दिवस. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये लिटरला जास्तीत जास्त 83 मिलिग्रॅम क्विनाईन घालू देतात. म्हणजे रोज एकवीस-बावीस लिटर. वाण्याकडे पिंप ठेवायला सांगावं लागेल. (2020 मध्ये लिंबाच्या आणि ग्रेपफ्रूटच्या साली उकळून घरच्या घरी क्विनाईन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन बनवायचा फॉरवर्ड आला होता. त्या सालींत यातलं काहीच नसतं, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन तर मुळात कारखान्यातलंच औषध. हा त्याचाच भाऊ.)

राहिलं दडपून ठेवणं. ब्रिटिश सरकारनं दार्जिलिंगजवळ मुंगपूला सिंकोनाचे मळे आणि कारखाना काढला आणि बंगालात क्विनाईनच्या पुड्या पोस्टातून विकल्या. पोस्टाच्या खिडकीवर मिळणारं गुपित मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. क्विनाईन मागे पडलं ते चाचणीत हरलं म्हणून. भारतासह चार देशांतल्या मलेरियाच्या 1461 गंभीर रुग्णांवरची चाचणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. क्विनाईन दिलेल्यांपैकी 22 टक्के दगावले, आर्टेसुनेट हे दुसरं औषध दिलेल्यांपैकी 15 टक्के. आणि हे आर्टेसुनेट ज्या आर्टेमिसिनिनपासून बनतं, तेही एका वनस्पतीतलंच. ते शोधणाऱ्या तू योयो यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं. त्यांचा अर्क आधी निकामी ठरत होता, कारण उष्णतेनं औषध नासत होतं. कमी तापमानाला ईथरमध्ये काढल्यावर गुण आला. 'उकळून प्या' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

सोसायटीच्या गेटजवळच्या सातविणीची साल कुणीतरी कोयत्यानं सोलून नेलीय. खोडाभोवती पूर्ण वेढा सोलला तर झाड वाळतं. शहरातल्या झाडाला इजा करणं 1975 च्या वृक्ष कायद्यात झाड तोडण्यातच मोडतं, हे सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं तर बरं होईल.

थंडी वाजून ताप आला तर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात रक्ताची काच घेतात आणि मलेरिया निघाला तर गोळ्या देतात, दोन्ही फुकट. व्हायवॅक्सला तीन दिवस क्लोरोक्वीन आणि चौदा दिवस प्रायमाक्वीन. प्रायमाक्वीन यकृतात दडून बसलेल्या परजीवीसाठी असतं. तिथे क्विनाईनचाही हात पोहोचत नाही, म्हणून नुसत्या क्विनाईनवर बरा झालेला माणूस काही महिन्यांनी पुन्हा कुडकुडू शकतो. गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं बाळ यांना प्रायमाक्वीन देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी या लाल पेशी जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि उरलेल्या गोळ्या फ्रीजवर पडून राहतात, तसं करू नका. चौदाच्या चौदा दिवस घ्या.