८८ लाखांचा आकडा आणि आमच्या सासूबाई

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाखांना डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाणं) आहे, असं एका लेखात वाचलं. आकडा बरोबरच आहे. पण त्यात बासष्टीचे काका आणि पंच्याऐंशीची आजी एकाच पारड्यात बसतात. पासष्टीनंतर दर पाचेक वर्षांनी हे प्रमाण साधारण दुप्पट होत जातं, ते लिहायला हवं होतं. शिवाय सगळा डिमेन्शिया म्हणजे अल्झायमर नव्हे; अल्झायमर हा त्यातला एक प्रकार, त्याचा वाटा ६० ते ७० टक्के.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत आता बहुतेक म्हातारीच माणसं उरलीत, मुलं घोडबंदरला नाहीतर परदेशात. सासूबाई ८४ च्या. चाळीस वर्षं रोज कोपिनेश्वरच्या देवळात जाणाऱ्या, आणि एका संध्याकाळी तलावपाळीवर भेळवाल्याला घरचा रस्ता विचारत होत्या. त्याने ओळखलं म्हणून बरं! त्याआधी दोन वर्षं आमटीत दोनदा मीठ पडायचं आणि आम्ही 'वय झालं' म्हणून हसायचो.

डॉक्टरांनी आधी बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासलं, कारण त्यांच्या बिघाडानेही विसरायला होतं. ते काही निघालं नाही. मग स्मरणशक्तीची चाचणी. 'आज तारीख काय?' या प्रश्नाला त्यांनी तिथी सांगितली. तीही अचूक.