टर्बोची वारंटी मिळू नये म्हणून घ्यायची काळजी

ट्रकचा टर्बो गेला की गाडीमालकाला पहिली आठवण येते ती वारंटीची, आणि तिथेच सगळा घोळ सुरू होतो. गाडी घेऊन वर्ष झालेलं नसतं, किलोमीटर मर्यादेत असतात, शोरूमवाल्यांनी किल्ली देताना गळ्यात हार घालून फोटो काढलेला असतो. त्यामुळे गडी बिनघोर. असल्या माणसांपायी सर्व्हिस सेंटरच्या एसी केबिनमधल्या साहेबांना उगाच ताप होतो. तो होऊ नये, तुमचं बिल तुम्हीच भरावं आणि वर साहेबांना चहाही पाजावा, म्हणून हे चार शब्द. वणीचे असा, पांढरकवड्याचे असा की वरुडचे, पथ्य एकच.

तयारी टर्बो जाण्याच्या आधीपासून करावी लागते. टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, दुसरा इंजिनात हवा कोंबतो. दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि त्याला सांभाळतो तो ऑइलचा पातळसा थर. आता तुम्ही असं करा. कापसाच्या गाठी भरलेली गाडी मे महिन्याच्या उन्हात हायवेनं ताणत आणा, ढाबा दिसला की करकचून ब्रेक मारा आणि त्याच दमात किल्ली फिरवा. बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं इंजिन सावकाश चालू ठेवा, असं पुस्तकात छापलंय. पण डिझेल काय पुस्तकवाला भरतो? इंजिनाबरोबर ऑइलचा पंप थांबतो, दांडा अजून गरगरतच असतो, आणि आतलं ऑइल तापून तापून कोळसा होतं. होऊ द्या. वणीच्या माणसाला कोळशाचं काय कौतुक.

एअर फिल्टर बदलायची वेळ आली की तो टायरवर दोनदा आपटा आणि होता तिथे बसवा. खाणीच्या रस्त्यावरची काळी भुकटी त्याच्या ओळखीची झालेली असते. ऑइल चौकातल्या दुकानातून सुट्टं आणा. बिल मागू नका. मागितलं की दुकानदार म्हणतो, "भाऊ, आमच्यावर इस्वास नाही काय?" आणि आपल्याकडे इस्वासापुढे जीएसटी काय चीज आहे! सर्व्हिसचं पुस्तक घरी ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली ठेवा. शिक्का मारायच्या दिवशी ते कधीच सोबत नसलं पाहिजे.

एवढं केलं की एक दिवस शिटी वाजायला लागते. चढावर गाडी दम टाकते, मागे काळा धूर. क्लीनर म्हणेल, "भाऊ, गाडी ओढून नाही राह्यली." त्याला गप्प करा. हंगाम आहे, हप्ता आहे, अजून दोन ट्रिपा निघतात. त्या दोन ट्रिपांचं मोल साहेबांना फार असतं, कारण पुढे अहवालात लिहिता येतं की दोष दिसूनही गाडी चालवली. मग गाडी खरोखरच उभी राहिली की कंपनीला फोन करण्याआधी गावातल्या मिस्त्रीकडून टर्बो खोलून घ्या. त्याच्याकडे पाने आहेत, हौस आहे, आणि "पाहून तर घेऊ" म्हणण्याचे तो पैसेही घेत नाही. खोललेल्या टर्बोवरून जगातला कुठलाही क्लेम पाच मिनिटांत फेटाळता येतो.

यातलं काहीच तुमच्या हातून झालं नसेल तर जरा अवघड आहे. काही गाडीमालक असे निघतात की त्यांचे सगळे शिक्के वेळेवर, ऑइल शोरूमचं, बिलं फायलीत. पण त्यांनीही धीर सोडू नये. अशांसाठी जॉब कार्ड असतं, म्हणजे गाडी जमा करताना तक्रार लिहायचा कागद. त्यावर कोरी सही करा. तक्रारीच्या रकान्यात साहेब "पिकअप कमी" एवढंच लिहितील. शिटी, धूर, तारीख, किलोमीटर, कुठे बंद पडली, हे तुमच्या शब्दांत लिहा म्हणू नका. कार्डाचा फोटो तर मुळीच काढू नका. मग "उद्या या" म्हणतील, तेव्हा एसटी धरून घरी जा. टर्बो उघडताना मालकानं समोर राहायचं नसतं, नजर लागते.

उद्या जाल तेव्हा टर्बो टेबलावर असेल, खाली वर्तमानपत्र, कागदावर ऑइलचा डाग पसरत चाललेला. साहेब दोन बोटांनी दांड्याचं टोक धरून वर-खाली हलवतील आणि म्हणतील, "प्ले आहे." तुम्ही हलवून पाहा. खरंच हलतो. मग निदान ऐका. पुढच्या, म्हणजे हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या पात्यांच्या कडा कुरतडलेल्या असतील तर बाहेरून काहीतरी आत गेलं, म्हणजे फिल्टर तुमचा. दांडा निळा पडला असेल तर ऑइल पोचलं नाही, म्हणजे ऑइल तुमचं. मागच्या, म्हणजे धुरावर फिरणाऱ्या पंख्याला मार असेल तर इंजिनातलाच तुकडा उडून लागला, म्हणजे... इथे जीभ आवरा. इंजिन कोणाचं, हे विचारू नका. विचारलंच तर साहेब एक शब्द उच्चारतील: ओव्हरलोड. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीला २०१८ पासून एकूण १८.५ टन मंजूर आहेत आणि तुमच्याकडे वजनकाट्याच्या पावत्याही असतील. पण तुम्ही विदर्भातले, गाडी विदर्भातली, म्हणजे ओव्हरलोड असणारच, हे त्यांना पावती न बघता कळतं. ऑइलची नळी कारखान्यातूनच तुंबलेली येऊ शकते, बेअरिंग कच्चं निघू शकतं, ही कारणं इंजिनिअरिंगच्या पुस्तकात आहेत. जॉब कार्डावर तेवढी जागा नसते.

हल्लीच्या गाड्या वेग, आरपीएम, गरम होणं, सगळं स्वतःच नोंदवून ठेवतात. ती नोंद तुमच्याविरुद्ध निघाली तर साहेब स्वतःहून दाखवतील. तुमच्या बाजूची असेल तर सिस्टिम बंद आहे. प्रिंट मागू नका, वाईट दिसतं.

इथपर्यंत आलात की संवाद बहुधा असा होतो:

"साहेब, मंग वारंटी कायची होती?"

"भाऊ, वारंटी मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टची असते."

"मंग टर्बो का म्या घरी बनवला?"

प्रश्न चोख आहे, पण तो मनातच ठेवा. त्यानंतर क्लेम "वर" जातो. हे वर कुठे आहे ते कोणी पाहिलेलं नाही. तिथून उत्तर येतं, कागद येत नाही. "वरून रिजेक्ट झालं" असं साहेब हळहळून सांगतात आणि आपल्याला त्यांचंच वाईट वाटतं. कारण लेखी द्या, कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लिहा, असं म्हणणारा माणूस त्यांना फार खुपतो. पीकविमा काढलेल्याला हे नवं नाही. नुकसान झालं हे सगळेच मान्य करतात, ते तेवढं कलमात बसत नाही.

मग येतं गुडविल. निम्मा पार्ट कंपनीचा, निम्मा तुमचा, मजुरी सगळी तुमची, आणि एका इंग्रजी कागदावर सही. त्यात लिहिलेलं असतं की माझी काही तक्रार उरलेली नाही. घाई करा, वाचत बसू नका. गाडी उभी आहे, फायनान्सवाल्याचा फोन रोज येतोय, आणि उभ्या गाडीचं भाडं वारंटीत बसत नाही हे छापलेलंच आहे. बिलावर "हरकत राखून रक्कम भरली" असं चार शब्दांत लिहिता येतं, पण अक्षर खराब असेल तर राहू द्या.

जिल्हा ग्राहक आयोगाचं तर नावही काढू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात एक भलतीच सोय केली आहे. कंपनी कुठलीही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. यवतमाळच्या माणसाला यवतमाळातच. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचं प्रकरण जिल्ह्यात चालतं आणि २० ते ५० लाखांच्या गाडीला फी १,००० रुपये. टोचन करून गाडी आणली त्याचं बिल आठवा. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करता येतो. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, ती पानठेल्यावर कंपनीला शिव्या देण्यात आरामात निघून जाते.

एक धोका मात्र आहे. कंपनीचा वकील म्हणेल, ट्रक धंद्यासाठी घेतला, हा ग्राहकच नाही. यावर कायद्यात उत्तर आहे: पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरलेली वस्तू धंद्याची धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच स्वतः ट्रक चालवणाऱ्याला ग्राहक म्हटलंय. स्टिअरिंगवर तुम्हीच असता, तेव्हा जिंकण्याची भीती खरी आहे. ती टाळण्यासाठी गाडी एकच असली तरी दर्शनी काचेवर "रोडलाइन्स" रंगवा, तसंच व्हिजिटिंग कार्ड छापा आणि खाली "फ्लीट ओनर", म्हणजे गाड्यांच्या ताफ्याचा मालक, असं टाका. वकिलाचं निम्मं काम होतं.

राहता राहिला जुना टर्बो. क्लेम नाकारला की तो तुमचा. आयोगाला गरज वाटली तर असा पार्ट प्रयोगशाळेत तपासणीला पाठवता येतो, म्हणून तो घरात ठेवणं बरं नाही. भंगारवाला येईल तेव्हा देऊन टाका. मागचं घर बिडाचं आहे, पुढचं अ‍ॅल्युमिनियमचं. दोन्ही वेगवेगळं तोलून घ्या, नाहीतर सगळं बिडाच्या भावात नेईल.