मिनिटाला हजार शब्द वाचल्याने बढती मिळते?

'सामान्य माणूस मिनिटाला दोन-अडीचशे शब्द वाचतो. मनातला उच्चार थांबवा, मागे वळून पाहू नका, एका नजरेत अख्खी ओळ टिपा. वेग हजारावर जाईल, रोजचा तासभर मोकळा होईल आणि नोकरीत तुम्ही इतरांच्या पुढे जाल.' द्रुतवाचनाबद्दल, म्हणजे झपाट्याने वाचण्याच्या तंत्राबद्दल, अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. वाचन म्हणजे डोळ्यांचा व्यायाम, हे त्यातलं मूळ गृहीतकच चुकीचं आहे.

पहिलं वाक्य मात्र बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा इंग्रजी ललितेतर मजकुराच्या मूक वाचनाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला. (हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नये. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्दांची मोजणीच वेगळी होते.)

आता एका नजरेत ओळ टिपण्याबद्दल. वाचताना डोळा सरकत नाही, उड्या मारतो आणि दर थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो. स्पष्ट दिसतो तो मधला जेमतेम दोन अंशांचा भाग. इंग्रजी वाचकाला उजवीकडच्या चौदा-पंधरा अक्षरांपर्यंतच काही उपयोगी माहिती मिळते, डावीकडे तर तीन-चारच. स्पष्ट दिसण्याची मर्यादा दृष्टिपटलाच्या रचनेमुळे आहे, सरावाने ती बदलत नाही. शिवाय खरा वेळ जातो तो शब्द ओळखण्यात आणि वाक्याचा अर्थ लावण्यात.

मागे वळून पाहू नका, हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. डोळ्यांच्या दहा-पंधरा टक्के उड्या मागे जातात, त्या आळसामुळे नव्हे. २०१४ मध्ये एलिझाबेथ शॉटर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला: वाचून झालेला शब्द लगेच झाकायचा, म्हणजे मागे जाऊन काही हाती लागू नये. आकलन घसरलं. त्याच वर्षी पडद्यावर एकाच जागी एकामागून एक शब्द झळकवणाऱ्या, म्हणजे मागे वळून पाहूच न देणाऱ्या 'स्प्रिट्झ' या अ‍ॅपचा बराच गवगवा झाला होता. आता करारातलं एखादं लांबलचक कलम डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या शेवटी 'खालील बाबी वगळता' असं येतं. तिथे मागे न वळणारा माणूस कंपनीला महागात पडेल.

मनातल्या उच्चाराचं थोडक्यात सांगता येईल: तो दाबला की अवघड मजकूर समजणं कठीण होतं.

उरला करिअरचा मुद्दा. जिमी कार्टर यांनी व्हाइट हाऊसमध्ये द्रुतवाचनाचा अभ्यासक्रम केला, हे उदाहरण हमखास दिलं जातं. पण तोवर ते राष्ट्राध्यक्ष झालेले होते. त्याहून वरची बढती कुठली? प्रशिक्षित द्रुतवाचक आणि नुसता मजकूर चाळणारे लोक यांची तुलनाही झाली आहे. सोप्या मजकुराचा सारांश द्रुतवाचकांना थोडा जास्त कळला, पण तपशिलात ते चाळणाऱ्यांपेक्षा सरस नव्हते, आणि तांत्रिक मजकुरात तर कशातच नव्हते. कामाच्या ठिकाणी नेमका तपशील आणि तांत्रिक मजकूरच तर वाचायचा असतो! आणि समजा एखादा अहवाल दहा मिनिटं आधी संपला, तरी त्यावर निर्णय घ्यायला आणि उत्तर लिहायला लागणारा वेळ तेवढाच राहतो.

चाळणं वाईट नाही. मथळे, पहिला परिच्छेद आणि निष्कर्ष बघून 'हे मला वाचायचंच नाही' असं ठरवता येणं मोठं कामाचं आहे. फक्त त्याला चाळणंच म्हणावं, आणि त्यासाठी कोणाला फी देऊ नये. वेग खरोखर वाढतो तो शब्दसंग्रहाने आणि विषयाच्या ओळखीने. एखाद्या क्षेत्रात बरीच वर्षं काढलेला माणूस तिथला अहवाल झटपट संपवतो, कारण त्यातली बहुतेक पानं त्याला आधीच ठाऊक असतात आणि नवा आकडा कुठल्या तक्त्यात असणार हेही. त्या तक्त्यापाशी मात्र तो बराच वेळ थांबतो.