सॅनिटायझरने भागत नाही

रुग्णालयातल्या जंतुसंसर्गावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण वॉर्डात येता-जाता सॅनिटायझर चोळलं की पुरे, हा त्यातला सल्ला सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या, आतड्यातल्या जंतूच्या बाबतीत चालत नाही. हा जंतू बीजाणू (टणक कवचातलं सुप्त रूप) करून बसतो आणि अल्कोहोल त्या बीजाणूंचं काही वाकडं करू शकत नाही. तिथे हातमोजे, साबण-पाणी आणि कॉटच्या दांड्या पुसायला क्लोरीनचं द्रावणच हवं.

दुसरं म्हणजे, विष तयार करणं आणि औषधाला दाद न देणं या दोन गोष्टींची लेखात सरमिसळ झालीय. दोन्हींमागची जनुकं वेगळी. आतड्याचं अस्तर खराब करतात ती ए आणि बी ही विषं. दोन्ही गुण जंतूच्या एकाच वाणात (उपप्रकारात) आले की काय होतं, ते २००२ नंतर कॅनडातल्या क्वेबेकने पाहिलं. तिथला ०२७ वाण प्रयोगशाळेत इतरांपेक्षा कितीतरी जास्त विष तयार करायचा, आणि फ्लुओरोक्विनोलोन गटाच्या औषधांना जुमानत नव्हता. (आपल्याकडे जुलाबावर सर्रास घेतात ती सिप्रोफ्लॉक्सासिन याच गटातली!) गोळीने आतड्यातले बाकीचे जंतू मेले, याला रान मोकळं. इंग्लंडमध्ये या औषधांचा वापर आवरता घेतल्यावर रुग्ण झपाट्याने घटले.

मी लॅबमध्ये काम करते. घट्ट शौचाचा नमुना आम्ही सी. डिफिसिलच्या तपासणीसाठी न घेता परत पाठवतो, कारण हा जंतू धडधाकट माणसाच्या पोटातही गुपचूप असू शकतो. जंतू आहे पण विष नाही, असे रिपोर्ट निघतात आणि तरी काही ठिकाणी औषध सुरू होतंच. तेव्हा जुलाब नसतील तर कृपया डबी पाठवू नका.